पोर्टफोलिओ वेबसाइट करताय? डोमेन नंतर घ्या, आधी वही घ्या



गेल्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एका मुलीने तिची नवी पोर्टफोलिओ वेबसाइट दाखवली. ग्राफिक डिझाइन शिकून जेमतेम वर्ष झालेलं. काळी स्क्रीन, मधोमध नाव हळूहळू उमटतं, माउसच्या मागे एक गोल फिरतो. दिसायला झकास! मी तीच साइट माझ्या फोनवर उघडली. फोनवर माउस कुठला? नाव उमटेपर्यंत मीच कंटाळलो. आणि आत काय, तर एका जगप्रसिद्ध बूट कंपनीचा ‘नवा लोगो’ आणि परदेशी कॉफीचे कप. यातलं एकही काम तिला कुणी दिलेलं नव्हतं.

मी विचारलं, पैसे घेऊन काय काय केलंस? “तसं काही खास नाही सर. एका खानावळीचं मेन्यू कार्ड, मसाले करणाऱ्या एका काकूंच्या पाकिटांची लेबलं, चार लग्नपत्रिका. पण ते काय दाखवायचं?”

इथेच माझा वाद आहे. अहो, तेच दाखवायचं!

नवे डिझायनर साइट बनवतात ती दुसऱ्या डिझायनरने वाहवा करावी म्हणून. पण पैसे देणार कोण? एखादा बेकरीवाला, क्लासवाला, दातांचा डॉक्टर. दुपारी गिऱ्हाईक नसताना व्हॉट्सॲपवर आलेली तुमची लिंक तो फोनवर उघडणार. माझ्यासारख्याचं काम हिने केलंय का आणि फोन कुठे लावायचा, एवढंच त्याला बघायचंय. तुम्हाला एजन्सीत नोकरी हवी असेल तर बघणारा वेगळा. त्याला कच्ची स्केचेस आणि तुमचा विचार बघायचा असतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ही साइट कोण उघडणार आणि उघडून त्याने काय करावं.

मग तीनच कामं निवडा. काकूंच्या लेबलांचंच बघा. कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला, दोन्ही पाकिटं सारखीच दिसायची, लोक चुकीचं घेऊन जायचे. हिने रंग वेगळे केले, नाव मोठं केलं, वजन, एमआरपी, तारीख एका जागी आणली. जुन्या पाकिटाचा फोटो, शेजारी नव्याचा, खाली ही हकिकत चार वाक्यांत. बूट कंपनीच्या लोगोमागे असली हकिकत आहे का? सरावाची कामं ठेवायला हरकत नाही, पण ‘सरावासाठी केलेलं’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर ती थापच झाली.

डीटीपीतून आलेल्यांसाठी एक सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून साइटवर टाकलात तर अगम्य अक्षरं दिसतील. मजकूर युनिकोडमध्येच हवा. एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. आणि छपाईच्या साइजचे फोटो जसेच्या तसे चढवू नका, फोनवर उघडता उघडत नाहीत.

डोमेनचा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा दर आधी वाचा. तोवर बिहान्सवर फुकट पान करता येतं. फक्त तिथे शेजारी इतरांची कामंही दिसतात, गिऱ्हाईक तिकडे वळू शकतं.

दर लिहावेत का? माझं मत, लिहावेत. ‘मेन्यू कार्ड अमुक रुपयांपासून’ एवढं तरी. माझे काही डिझायनर मित्र यावर चिडतात, म्हणतात त्याने गिऱ्हाईक पळतं. पळू दे की! दोनशे रुपयांत लोगो मागणारा आधीच पळाला तर तुमचे चार फोन वाचले.

त्या मुलीने फिरणारा गोल काढून टाकलाय. काकूंनी फोटो वापरायला होकार दिलाय. आता लग्नपत्रिकांवर घरच्यांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत, ते झाकून फोटो काढायचं काम चाललंय. तेवढं झालं की डोमेन घेऊ.