छातीत कळ आली की ‘गॅस’ म्हणून थांबू नका; गागोदेकरांसाठी पहिले तीन तास मोलाचे

गागोदे बुद्रुक (ता. पेण) : हे विनोबा भावेंचं जन्मगाव. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अन्न आणि औषध नाकारून 15 नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. ती त्यांची स्वतःची निवड होती. पण उपचार हवे असूनही उशीर झाला म्हणून कुणी दगावलं, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

गावाकडे छातीत दुखलं की आधी सोडा, ओवा, बाम होतो. रात्र असली तर ‘सकाळी बघू’. इथंच घात होतो.

रक्ताच्या गुठळीचे दोन आजार इथं लक्षात ठेवायला हवेत. पहिला हार्ट अटॅक. यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होते. छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते. दुसरा आजार कमी माहितीचा. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत टोचतं, कधी चक्कर येते. पाय मोडून प्लास्टर घातलेले, ऑपरेशन झालेले, नुकत्याच बाळंत झालेल्या बाया आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले, यांना धोका जास्त. एकच पाय सुजून दुखत असेल तर मालीश करू नका, डॉक्टरला दाखवा.

दोन्हींचे उपचार वेगळे. अटॅकमध्ये दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. तेवढ्यात मोठं हॉस्पिटल गाठता येत नसेल, तर ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात आणि मग पुढे पाठवतात. ते बारा तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या तीन तासांत फायदा सगळ्यात जास्त.

फुफ्फुसातल्या गुठळीत ईसीजी साधा येऊ शकतो. खात्रीसाठी डाय टाकून सीटी स्कॅन लागतो. बीपी स्थिर असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधं किमान तीन महिने चालतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नाहीत. बीपी कोसळलं तरच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका असतो. काहींना नळी घालून किंवा ऑपरेशन करून गुठळी काढावी लागते.

म्हणून कुठे काय मिळतं, हे आधीच माहीत हवं. राज्यात 108 सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या 233 गाड्या गंभीर रुग्णांसाठीच्या होत्या. फोन करताना ‘छातीत दुखतंय, दम लागलाय’ असं स्पष्ट सांगा. रुग्णाला चालवू नका, दुचाकीवर बसवू नका.

ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या आरोग्य केंद्रात ईसीजी चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन पेणला रात्री मिळतं का? सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टी जवळ कुठे होते? उत्तरं मोठ्या अक्षरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता कळ येईल तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.