काबूलच्या पडद्यावरचे झाकलेले चेहरे

मे २०२२ मधील घटना आहे. दूरचित्रवाणीवर बातम्या देणाऱ्या स्त्रियांनी फक्त डोळे उघडे ठेवून सर्व चेहरा झाकला पाहिजे, असे फर्मान अफगाणिस्तानातील तालिबानी राजवटीने काढले. काबूलच्या 'टोलो न्यूज' या वाहिनीच्या निवेदिकांनी पहिल्या दिवशी ते जुमानले नाही. मग दडपण आले आणि दुसऱ्या दिवशी चेहरे झाकले गेले. पण त्यांच्या सोबतच्या पुरुष सहकाऱ्यांनीही आपापल्या तोंडावर काळे मास्क चढविले. आमच्या बहिणींना तोंड दाखविण्याची बंदी असेल तर आम्हीही दाखवणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो. अशा अपमानकारक अटींवर वाहिनी चालवायचीच कशाला? टाळे ठोकून बाहेर का पडू नये? वरवर पाहता हा प्रश्न स्वाभिमानाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही वाहिनी कशातून उभी राहिली, हे पाहणे आवश्यक आहे.

१९९६ ते २००१ या पहिल्या तालिबानी राजवटीत दूरचित्रवाणीवर बंदी होती, संगीतावर बंदी होती. ज्यांनी मार्च २००१ मध्ये बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती तोफा आणि सुरुंग लावून उडविल्या, त्यांनीच त्या देशातील स्त्रियांचा आवाजही गाडला होता. ही राजवट कोसळल्यावर साद मोहसेनी व त्यांच्या भावंडांनी २००३ मध्ये 'अरमान' हे खासगी एफ.एम. रेडिओ केंद्र काढले. त्यावर तरुण-तरुणी एकत्र बसून बोलू लागले, तेव्हा धर्ममार्तंडांचे पित्त खवळले. २००४ मध्ये 'टोलो', म्हणजे पहाट, ही दूरचित्रवाणी वाहिनी आली, २००६ मध्ये पश्तो भाषेतील 'लेमार' आली आणि २०१० मध्ये चोवीस तास बातम्या देणारी 'टोलो न्यूज' सुरू झाली.

यात एक गंमत आमच्या मुंबईशी जोडलेली आहे. मुंबईत तयार होणाऱ्या सासू-सुनांच्या मालिका दारी भाषेत 'टोलो'वर दाखविल्या जात. देवादिकांच्या मूर्ती आणि नट्यांचे उघडे खांदे पुसट करूनच त्या दाखविल्या जात. तरीही २००८ मध्ये सरकारने त्या बंद करण्याचा हुकूम सोडला आणि 'टोलो'ने तो मानला नाही. ज्या मालिका आमच्या घराघरांत स्त्रियांना पुन्हा मनूच्या चौकटीत बसवितात, त्यासुद्धा काबूलच्या मुल्लांना धोकादायक वाटल्या! धर्माच्या ठेकेदारांना मालिकेतील विचारांपेक्षा पडद्यावर स्त्री दिसणे हेच खुपते, हे यावरून उघड होते.

याच 'टोलो'च्या 'अफगाण स्टार' या गाण्याच्या स्पर्धेत २०१९ साली झहरा इल्हाम ही हजारा समाजातील तरुणी पहिली आली. तोवर एकही स्त्री ही स्पर्धा जिंकली नव्हती. हजारा हा त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या तुच्छ लेखला गेलेला, कत्तली सोसलेला समाज. त्या समाजाची मुलगी साऱ्या देशासमोर उभी राहून गाते आणि लोक तिला विजयी करतात, या घटनेचे मोल आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या आवाजाची किंमत रक्ताने मोजली गेली. कुंदुझ शहरातील बातम्यांवरून तालिबानने ऑक्टोबर २०१५ मध्ये या वाहिनीला 'लष्करी लक्ष्य' जाहीर केले आणि २० जानेवारी २०१६ रोजी कर्मचाऱ्यांच्या बसवर आत्मघाती हल्ला केला. त्यात सात जण ठार झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये काबूलच्या हजारा वस्तीतील स्फोटाची बातमी देत असतानाच समीम फरामर्ज आणि रमीज अहमदी हे 'टोलो'चे पत्रकार दुसऱ्या स्फोटात बळी पडले.

टीकाकार म्हणतात की, हा सारा अमेरिकेच्या पैशाचा खेळ होता. 'अरमान'ला सुरुवातीला अमेरिकन मदत मिळाली, हे खरेच आहे. ज्या पैशामागे परकीय फौज उभी असते, त्याच्याकडे डोळस संशयाने पाहिलेच पाहिजे. पण 'मूकनायक' काढताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, म्हणून 'मूकनायक' कोल्हापूर दरबाराचा झाला काय? पैसा कोणाचा, हे विचारावेच. पण त्या पैशाने कोणाला वाचा फुटली, हेही विचारावे. अमेरिकन फौज २०२१ मध्ये निघून गेली. 'टोलो' मात्र काबूलमध्येच राहिली.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत. अफगाणिस्तानच्या २००४ च्या राज्यघटनेतील ३४ व्या कलमाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य अबाधित असल्याचे सांगितले होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले आणि ते कलम कागदावरच राहिले. राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. त्याचा इतका भयंकर पुरावा दुसरा नाही. त्या पडझडीतही दोनच दिवसांनी बहेश्ता अर्गंद या निवेदिकेने 'टोलो'च्या स्टुडिओत तालिबानी अधिकाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारले. पुढे तिला देश सोडावा लागला. अनेक सहकारी गेले. वाहिनीने त्यांच्या जागी नवी माणसे घेतली, त्यांत मुलीही होत्या.

आता मूळ प्रश्न. गाणी गेली, मालिका गेल्या, चेहरे झाकले गेले. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने तर सजीवांची चित्रे दाखविण्यावरच बंदी घातली. तरीही मुलींना माध्यमिक शाळेची दारे बंद झाल्यावर 'टोलो'ने शालेय धडे पडद्यावरून घराघरांत पोहोचविण्याचे काम हाती घेतले. वाहिनी बंद झाली तर स्वाभिमान दिसेल तो बाहेर पडू शकणाऱ्या मालकांचा. अंधारात बसेल ती कंदाहारची मुलगी. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जोवर त्या पडद्यावर स्त्री काम करते आहे आणि धडा शिकविला जातो आहे, तोवर ती वाहिनी चालली पाहिजे. ज्या दिवशी तालिबानचे गुणगान हीच अट होईल, त्या दिवशी मात्र टाळे लावणेच योग्य ठरेल.

आणि हा प्रश्न केवळ काबूलचा राहिलेला नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी यांनी खुद्द दिल्लीत, अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली आणि तिच्यात महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. आपला त्या आयोजनाशी संबंध नव्हता, असे सांगून भारत सरकारने हात झटकले. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी महिलांना बोलावून दुसरी परिषद घ्यावी लागली. पण पहिल्या दिवशी आत बसलेले पुरुष पत्रकार काय करीत होते? एकजुटीने उठून ते बाहेर का आले नाहीत? काबूलमध्ये जिवावर उदार होऊन पुरुष निवेदकांनी तोंडावर मास्क चढविले. दिल्लीत कसलाही धोका नसताना खुर्ची सोडता आली नाही!

समाजबांधवहो, दुसऱ्याला दाराबाहेर ठेवून आपल्याला आत बोलाविले जाते, तेव्हा आत जायचे की नाही, हीच खरी कसोटी असते. दाराबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या बापजाद्यांनी भोगले आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही सभेत, मंडळात वा विहाराच्या समितीत स्त्रियांची खुर्ची रिकामी दिसली, तर आमच्या पुरुषांनी आधी स्वतःची खुर्ची सोडावी. जयभीम!