माजघरातून ओसरीवर

२२ एप्रिल २०२५ रोजी देशात सोन्याने करासह दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा आकडा गाठला. दिवस लग्नसराईचे. जळगावच्या सराफ बाजारात तीन तोळ्यांचे गंठण मनात धरून पायरी चढणाऱ्यांवर दोन तोळ्यांत भागवायची वेळ आली. त्या भावाचा एक धागा थेट वॉशिंग्टनला जाऊन पोहोचत होता. ट्रम्प यांनी २ एप्रिलला जगभरच्या मालावर आयातशुल्क लादले आणि शेअर बाजार कोसळले. अशा वेळी घाबरलेला पैसा अमेरिकी सरकारच्या रोख्यांत शिरतो, ही आजवरची रीत. पहिले दोन दिवस झालेही तसेच. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा चार टक्क्यांखाली उतरला. मग वारे फिरले. आठवडाभरात तो साडेचारच्या घरात गेला. ९ एप्रिलला ट्रम्प यांनी बहुतेक देशांवरची वाढीव शुल्के ९० दिवसांसाठी थांबवली. रोखे बाजारातली मंडळी अस्वस्थ झाली होती, हे त्यांनीच बोलून दाखवले.

परतावा वाढला तर बरेच की, असे मुदतठेवींवर पोसलेल्या आपल्या मनाला वाटते. रोख्याचे गणित उलटे आहे. वर्षाला चार रुपये व्याज देणारा शंभराचा रोखा घाईने विकायला काढला आणि नव्वदला गेला, तर घेणाऱ्याला नव्वदावर चार मिळतात. म्हणजे व्याजच साडेचार टक्क्यांच्या आसपास. सरकारला पुढचे कर्ज काढताना मग याच चढ्या दराने काढावे लागते. म्हणूनच ‘रोख्यांतून पैसा निघाला’ हे वाक्य जपून वापरलेले बरे. एकाने विकला तेव्हा दुसऱ्याने घेतलाच ना? रोखा आहे तिथेच आहे. मालक बदलला आणि किंमत पडली.

मग विकणारा जातो कुठे? पुष्कळदा त्याला कुठे जायचेच नसते, त्याला देणे भागवायचे असते. ब्रिटनचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २३ सप्टेंबर २०२२ रोजी उधारीवरची करकपात जाहीर केली आणि तिथले रोखे गडगडले. पेन्शन फंडांनी ते विकले, पण दुसरीकडे जास्त कमाई दिसली म्हणून नव्हे. या रोख्यांच्या जिवावर त्यांनी उसनवारीचे व्यवहार करून ठेवले होते. तारणाची किंमत घटताच समोरच्याने रोकड मागितली. ती उभी करायला आणखी रोखे विकले, त्याने किंमत आणखी घटली. बँक ऑफ इंग्लंडने २८ तारखेला ६५ अब्ज पौंडांपर्यंतच्या खरेदीची तयारी दाखवली, तेव्हा कुठे हा रहाटगाडा थांबला.

स्वखुशीने बाहेर पडणाराही फार लांब जात नाही. तीस वर्षांचा रोखा विकून तो त्याच सरकारची तीन महिन्यांची ट्रेझरी बिले घेतो. म्हणजे घर तेच. माजघरातून उठून ओसरीवर येऊन बसला, चपला पायात ठेवून. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडे २०२४ अखेर ३०० अब्ज डॉलरहून अधिक रोकड होती आणि तिचा मोठा भाग अशा बिलांतच होता. अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडांत २०२५ मध्ये सुमारे सात लाख कोटी डॉलर होते, तेही बव्हंशी सरकारच्याच अल्पमुदतीच्या कागदांत किंवा त्यांच्या तारणावर. आमच्या मते खरी चिंता या ओसरीचीच आहे. तीस वर्षांसाठी विश्वास टाकणारा सावकार दर तीन महिन्यांनी दारात उभा राहू लागला, की सरकारची झोप उडते. पतमानांकन संस्था मूडीजने १६ मे २०२५ रोजी अमेरिकेची सर्वोच्च पत काढून घेतली, त्यामागे वाढते कर्ज आणि व्याजाचा वाढता बोजा हीच कारणे होती.

आणि सोने? मध्यवर्ती बँकांनी २०२२ पासून सलग तीन वर्षे दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले. रशियाची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी २०२२ मध्ये गोठवली गेली, तेव्हा कागदावर नाव दुसऱ्याचे असते हे सगळ्यांना उमगले. रिझर्व्ह बँकेनेही ब्रिटनमध्ये ठेवलेले सुमारे शंभर टन सोने मायदेशी आणले. मार्च २०२५ अखेर तिचा साठा ८७९ टनांवर होता. पण हजार टनांची किंमत २०२४ च्या सरासरी भावाने साधारण पाऊणशे अब्ज डॉलर. अमेरिकी रोख्यांचा बाजार तेव्हा २८ लाख कोटींचा. शंभर रुपयांतले हे चार आणे! सोन्याचे दुकान त्या मानाने लहान, म्हणून चार आण्यांच्या गर्दीनेही भाव छताला लागतो.

आपल्या सरकारने तर रोखा आणि सोने एकाच कागदात बांधून विकले होते. सोन्याची आयात घटावी म्हणून नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्णरोखे आणले. पहिले २,६८४ रुपये ग्रॅमने दिले आणि आठ वर्षांनी ग्रॅममागे ६,१३२ रुपये मोजून सोडवावे लागले, व्याज वेगळे. आयात टाळण्यासाठी हा खटाटोप, पण सोन्याची सगळी भाववाढ सरकारने आपल्याच अंगावर घेतली होती. फेब्रुवारी २०२४ ची विक्री शेवटची ठरली.