‘डिमाइज’ म्हणजे फक्त मृत्यू?



परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दुकानगाळ्याचा इंग्रजी भाडेकरार घेऊन आले. त्यात गाळ्याला ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हटलं होतं. मुलाने मोबाईलवर अर्थ शोधला होता : डिमाइज म्हणजे मृत्यू. वडील हळूच म्हणाले, "बाई, या गाळ्यात कोणी वारलंय का हो?"

हसू आलं, पण चूक त्यांची नाही. एका शब्दाचा एकच अर्थ पाठ करायची सवय आपणच लावतो.

या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाठवून देणे, सोडून देणे. फ्रेंचमधून तो इंग्रजी कायद्यात आला. तिथे ‘डिमाइज’ म्हणजे मालमत्तेचा हक्क भाडेपट्ट्याने किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याला देणे. राजाचा हक्क वारसाकडे गेला तरी हाच शब्द. राजा बहुधा मेल्यावरच हे घडायचं, म्हणून पुढे मृत्यूलाच ‘डिमाइज’ म्हणू लागले. गंमत बघा, १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने इंग्लंडची गादी सोडली, तेव्हाही कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ असंच लिहिलं गेलं. हा राजा १९७२ पर्यंत जिवंत होता!

मुलांना हे जड जाईल असं वाटतं? मग आपलं ‘सोडणे’ घ्या. आजोबांनी प्राण सोडला. आत्याने हक्कसोडपत्र केलं. पहिल्या वाक्यात माणूस जातो. दुसऱ्यात माणूस असतो, हक्क जातो.

माझ्या आईला "साधा कागद आहे, सही कर" असं सांगितलं गेलं होतं. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, तेव्हा तिला कळलं. समजून उमजून हक्क सोडला असता, तर माझी तक्रार नव्हती. पण ‘हक्क’ आणि ‘सोड’ हे दोन्ही शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातले होते. फक्त ते एकत्र वाचायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : शब्दार्थ लिहून देऊन थांबू नका. चौथीच्या मुलांनाही तीन प्रश्न विचारता येतात. कोण सोडतंय? काय सोडतंय? ते कोणाकडे जातंय?

उद्या सही करताना हेच प्रश्न त्यांच्या उपयोगी पडतील.