चिमणी घेतली, पण धूर जातो कुठे?

दसरा-दिवाळी जवळ आली की पनवेल परिसरात स्वयंपाकघर नव्याने करून घेण्याची लगबग वाढते. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहतींतल्या जुन्या इमारतींना आता दोन-तीन दशके झाली आहेत. ओट्याचा काळा कडप्पा जाऊन ग्रॅनाइट येते, ओट्याखाली ट्रॉल्या बसतात आणि मग उपकरणांची यादी निघते. चार बर्नरचा काचेचा हॉब, भिंतीत बसणारा ओव्हन, डिशवॉशर आणि या सगळ्यांच्या वर चिमणी. काही लाखांचा हा खर्च करताना रंग, ब्रँड, वॉरंटी, हप्ते यांची चर्चा घरात आठवडाभर चालते. मात्र चिमणीने ओढलेला धूर शेवटी जाणार कुठे, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही.

उत्तर अनेकदा निराश करणारे असते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी नसते, किंवा पाइप काढला तर वरच्या कपाटांची रांग बिघडते. मग दुकानदार ‘डक्टलेस’ चिमणी सुचवतो. ही चिमणी हवा ओढते, जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून फिरवते आणि त्याच खोलीत परत सोडते. जाळीत तेल अडकते, कोळसा काही काळ वासही शोषतो. पण कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ कोळशात अडकत नाहीत. अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्याबाबतही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कोळशाचा फिल्टर ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो, आणि तो बदलणारी घरे थोडीच. म्हणजे भिंतीवर चिमणी असते, पण घराला धुराडे नसते.

स्वयंपाकघरातली हवा दोन ठिकाणी बिघडते, ज्योतीत आणि कढईत. गॅसच्या ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होतो आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू श्वासनलिकेचा दाह वाढवतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास आधी जाणवतो. दुसरा धूर कढईतला. तापलेल्या तेलात मोहरी-मिरची पडते, सुरमईची तुकडी तव्यावर चरचरते किंवा सुकट भाजली जाते, तेव्हा तेलाचे आणि जळक्या कणांचे अतिसूक्ष्म धुके उठते. मिरचीच्या खकाण्याने ठसका लागतो म्हणून तो कळतो; बाकीचे धुके कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावर तळण्यातून निघणाऱ्या धुराचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आहे.

इथे प्रमाणाचे भान सोडून चालणार नाही. चुलीच्या धुराशी तुलना करता गॅसचे स्वयंपाकघर कितीतरी स्वच्छ आहे. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याचा मोठा भार लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांवर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांवर पडतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यामागे हेच कारण होते. तेव्हा गॅसची शेगडी पाहून कोणी धास्तावण्याची गरज नाही. पण ज्या घरात स्वयंपाकघरावर लाखो रुपये खर्च होत आहेत, त्या घराने चुलीपेक्षा बरे एवढ्यावर समाधान मानायचेही कारण नाही.

जुन्या पनवेलच्या कौलारू घरांत चुलीचा धूर भरपूर होता, पण कौलांच्या फटींतून आणि धुराड्यातून त्याला वाट होती. सदनिकेत ही वाट स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यावरचा एक्झॉस्ट पंखा आणि मागची ड्राय बाल्कनी यांनी दिली. नूतनीकरणात नेमक्या याच तीन गोष्टींवर घाला येतो. ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लागतात आणि तिथे वॉशिंग मशीन जाते. एक्झॉस्टचे भोक ‘आता चिमणी आहे ना’ म्हणून बुजवले जाते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली जाते, म्हणजे फोडणीचा धूर थेट सोफ्यापर्यंत आणि बाळाच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. पावसाळ्याचे चार महिने खिडक्या बंद आणि उन्हाळ्यात एसीमुळे बंद. पूर्वीपेक्षा महाग झालेले स्वयंपाकघर असे पूर्वीपेक्षा कोंदट होऊन बसते.

‘बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे?’ असा प्रश्न पनवेलकर विचारतील आणि तो गैरलागू नाही. तळोजा एमआयडीसीच्या बाजूने रात्री येणाऱ्या उग्र दर्पाच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि जेएनपीटीकडे जाणारी अवजड वाहतूक याच भागातून होते. बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ कणांसाठी देशाचे २४ तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. पण बंद स्वयंपाकघरात तळण सुरू असते त्या अर्ध्या तासात आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वाईट होऊ शकते. त्या वेळी धूर बाहेर काढणे हेच शहाणपणाचे. बाहेर दर्प असेल तेव्हा खिडकी लावून घ्यावी, पण तो निर्णय स्वयंपाकाच्या वेळेचा नव्हे.

आता चिमणीच्या आकड्यांकडे पाहू. खोक्यावर ताशी १२०० किंवा १५०० घनमीटर असा ओढीचा आकडा ठळक छापलेला असतो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघरात जेमतेम २० घनमीटर हवा असते. १२०० चा आकडा खरा धरला तर मिनिटाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलेल. त्यामुळे १२०० ऐवजी १५०० साठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय प्रत्यक्ष बसवलेल्या पाइपमधून तेवढी ओढ मिळेलच असे नाही. सहा इंची पाइपच्या जागी चार इंची पाइप जोडला तर हवेला मिळणारी वाट निम्म्याहूनही कमी होते. प्रत्येक वळणावर आणि घड्या पडलेल्या लवचिक पाइपच्या प्रत्येक फुटावर ओढ आणखी घटते. साध्या चिमणीला आखूड, सरळ, पूर्ण रुंदीचा पाइप मिळाला, तर ती वेड्यावाकड्या पाइपच्या महागड्या चिमणीला सहज मागे टाकते.

पाइपचे दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे. ते इमारतीच्या आतल्या बंद डक्टमध्ये सोडले, तर एका घरातला बोंबलांचा वास आणि धूर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत शिरतो. ते मोकळ्या हवेत, झडप बसवून काढले पाहिजे. भोक पाडताना तुळई किंवा खांब यांना हात लावायचा नाही. साध्या विटांच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या वरच्या काचेच्या जागेतून पाइप काढता येतो. हॉबपासून चिमणीची उंची कंपनीने सांगितलेलीच ठेवावी. ती साधारण दोन ते अडीच फुटांच्या आसपास असते. जास्त उंचावर दिसायला बरी वाटली, तरी तिथे धूर बाजूने निसटतो. मागच्या बर्नरचा धूर चिमणीत चांगला सापडतो, पुढच्याचा कमी. म्हणून तळणाची कढई शक्यतो मागच्या बर्नरवर चढवावी.

जी हवा बाहेर जाते, तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या-दारे घट्ट बंद ठेवून जोरदार चिमणी लावली, तर ती मिळेल त्या फटीतून हवा ओढते. ड्राय बाल्कनीत किंवा न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर त्याच्या नळीतून बाहेर जाणारे वायू उलटे घरात येऊ शकतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून चिमणी चालू असताना समोरच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटे तरी उघडी हवी आणि गॅस गिझर त्याच वेळी चालू नसावा.

हॉब निवडतानाही हवेचाच विचार आधी येतो. या भागात अनेक इमारतींत महानगर गॅसचा पाइप आला आहे, तर काही ठिकाणी अजून सिलिंडर आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास खाली साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. सिलिंडर ठेवलेल्या ट्रॉलीला तळाशी जाळी हवी. पाइपगॅस असेल तर कपाटाच्या वरच्या बाजूला वाट हवी. सुतार मात्र बहुधा दोन्हीकडे सारख्याच बंद फळ्या ठोकून जातो. दोन्ही वायूंचा दाबही वेगळा असतो, त्यामुळे सिलिंडरसाठीच्या हॉबची जेट बदलल्याशिवाय तो पाइपगॅसवर चालवू नये. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली किंवा भांड्यांचे बूड काळे पडू लागले, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजावे आणि तंत्रज्ञाला बोलवावे. सिलिंडरची नारंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नव्या ट्रॉल्यांमागे ती दिसेनाशी होते आणि विसरली जाते.

इंडक्शन शेगडीने यातले निम्मे प्रश्न सुटतात. ज्योतच नसल्याने नायट्रोजन डायऑक्साइड नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही आणि ओट्यापाशी उष्माही कमी. एप्रिल-मेच्या दमट दुपारी हा फरक लगेच जाणवतो. पण कढईतला धूर इंडक्शनवरही तेवढाच निघतो, त्यामुळे हवेची वाट तरीही हवीच. शिवाय वायरिंग पाहावे लागते. १६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त सुमारे ३७०० वॅट घेता येतात. दोन हजार वॅटची शेगडी आणि दोन हजार वॅटचा ओव्हन एकाच प्लगच्या आधारावर लावले, तर जुन्या इमारतीतली तार तापते. प्रत्येक मोठ्या उपकरणाला स्वतंत्र तार, योग्य अर्थिंग, गळतीचा प्रवाह तोडणारा ब्रेकर आणि गरज असल्यास महावितरणकडून वाढीव भार, हे सगळे टाइल्स बसण्याआधी व्हायला हवे.

थोडक्यात, खर्चाचा क्रम उलटा आहे. आज आधी उपकरण ठरते, मग कपाटे आणि उरलेल्या फटीत पाइप व तार. खरे तर आधी हवेची वाट ठरावी, मग गॅस आणि विजेची, आणि उरलेल्या पैशांत उपकरण यावे. चिमणी निवडताना ओढीच्या आकड्याइतकेच आवाजाकडे लक्ष द्यावे. ज्या चिमणीच्या घरघरीत कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, ती घरात बंदच राहते. तळण सुरू होण्याआधी लावून नंतर दहा मिनिटे चालू ठेवली जाणारी शांत चिमणी अधिक उपयोगाची. नवी चिमणी बसवून झाली की तंत्रज्ञ जाण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेता येते. गॅस बंद ठेवून, चिमणी चालू करून पुढच्या बर्नरजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ वर ओढला गेला आणि बाहेरच्या तोंडाशी उदबत्तीचा वास आला, तर काम झाले. धूर खोलीत पसरला, तर बिल भरण्याआधी पाइप तपासून घ्यावा.

हा प्रश्न एकेका कुटुंबावर सोडून मात्र भागणार नाही. पनवेल परिसरात दरवर्षी नव्या इमारती उभ्या राहतात, आणि त्या प्रत्येक घरात उद्या चिमणी येणार हे बिल्डरलाही ठाऊक असते. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत पूर्ण रुंदीचे, झडप असलेले भोक बांधतानाच ठेवायला नगण्य खर्च येतो. आराखडे मंजूर करताना महापालिका आणि सिडको यांनी त्याचा आग्रह धरावा. जुन्या सोसायट्यांनीही ‘इमारतीचे रूप बिघडते’ म्हणून सरसकट मनाई करण्याऐवजी, कोणत्या जागेतून आणि कोणत्या पद्धतीने पाइप काढायचा हे सर्वांसाठी एकदाच ठरवून द्यावे.

कारण ही हवा कोण घेते, हेही पाहायला हवे. ओट्याशी दिवसातले दोन-तीन तास उभी असते ती बहुतेक घरांत गृहिणी, सासूबाई किंवा पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्यातल्या मावशी तर एका सकाळी चार-पाच स्वयंपाकघरांची हवा घेऊन घरी जातात. उपकरणांची निवड करताना यातल्या किती जणींना विचारले जाते? नव्या स्वयंपाकघराचे कौतुक पाहुणे हॉबच्या काचेवरून करतील. ते चांगले झाले की नाही, याचे खरे उत्तर मात्र रोज तिथे फोडणी देणारी व्यक्तीच देऊ शकते.