जुने ड्रिल मशीन घेताना रंग नव्हे, रचना पाहा

राजपुरीच्या खाडीवर एका काठी दिघी, समोर आगरदांडा. येथे नौका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे ड्रिल मशीनवाचून भागत नाही. शाफ्टच्या कपलिंगला भोके पाडायची, इंजिनाखालच्या प्लेटी जोडायच्या, सुकाणूच्या बिजागऱ्या बनवायच्या. सारे काम शेवटी भोकाशी येऊन थांबते. नवे मशीन परवडत नाही म्हणून कारागीर मुंबई गाठतो आणि नागदेवी स्ट्रीट किंवा दारूखान्यातून जुने मशीन आणतो. यात गैर काही नाही. जुन्या बिडाचे वजन आणि मजबुती आजच्या स्वस्त मशीनमध्ये सहसा सापडत नाही. परंतु कोणते मशीन कोणत्या कामाचे, हे न ओळखता पैसे मोजणे म्हणजे व्यापार नव्हे, जुगार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केली आहे. एका विक्रेत्याने ‘पंधरा इंची अमेरिकन’ मशीन म्हणून दाखवले. आम्हास वाटले, स्पिंडलपासून खांबापर्यंत पंधरा इंच जागा मिळेल. गावी आणून मापले तर साडेसात! अमेरिकन पद्धतीत पंधरा इंच व्यासाच्या गोल तुकड्याच्या मध्यभागी भोक पाडणारे ते पंधरा इंची मशीन. आपल्याकडे मात्र 13 मिमी, 25 मिमी असे म्हणतात, ते पोलादात पडणाऱ्या सर्वांत मोठ्या भोकाचे माप. दोन्ही आकडे खरे, पण अर्थ वेगळा. इंजिनाची रुंद प्लेट त्या मशीनखाली बसली नाही ती नाहीच.

आता ओळखीच्या खुणा पाहू. पहिली खूण पट्ट्याची. रुंद, सपाट पट्ट्याच्या पायरीदार पुल्या असतील तर मशीन जुन्या काळचे, छताखालच्या लांब शाफ्टवर चालण्यासाठी बनलेले. त्यावरची मोटर नंतर कोणीतरी बसवलेली असते. तिचा ब्रॅकेट मुळातला ओतीव आहे की वेल्डिंगचा, ते पाहावे. व्ही-पट्ट्याची मशीने त्यानंतरची.

दुसरी खूण आट्यांची. अर्धा इंची बोल्टवर एका इंचात 12 आटे मोजले तर तो ब्रिटिश व्हिटवर्थ, 13 आढळले तर अमेरिकन. भारताने मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली केला. एकाच मशीनवर तिन्ही जातींचे बोल्ट दिसले तर ते अनेक हातांतून गेले आहे, हे समजावे. अमेरिकन मशीनची पुली 60 सायकलच्या मोटरसाठी, म्हणजे मिनिटाला सुमारे 1725 फेऱ्यांसाठी आखलेली असते. आपली 50 सायकलची मोटर 1440 च्या आसपास फिरते. म्हणजे पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने वेग कमी मिळेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण वेगाची. पोलादात 20 मिमी भोकासाठी मिनिटाला सुमारे 400 फेऱ्या पुरतात. स्टेनलेसच्या शाफ्टला त्याच्या निम्म्याच हव्यात. अनेक लहान बेंच ड्रिलचा किमान वेगच पाचशेच्या आसपास असतो. त्यावर मोठे भोक पाडायला जाल तर बिट जळेल आणि दोष बिटाला द्याल. नौकेच्या कामाला बॅक गिअर असलेले पिलर मशीनच घ्यावे. त्याच्या स्पिंडलला मोर्स टेपर आहे का, कितव्या नंबरचा आहे, हे स्लीव्ह घालून पाहावे. दोन नंबरच्या टेपरचे मोठे तोंड 17.78 मिमी असते.

बेअरिंगचाही विचार व्हावा. जुन्या मशीनमध्ये पितळी बुश आणि तेलाच्या वाट्या असतात. बुश झिजला तर जवळच्या लेथवर नवा करता येतो. बॉल बेअरिंग मात्र नंबर सांगून बाजारातूनच आणावे लागते. खाऱ्या वाऱ्यात दोघांनाही रोज तेल हवेच.

आणि भिंतीला अडकवायचे, हाताने फिरवायचे जुने लोहारी ड्रिल भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करा. वरचे खाचेदार चाक फेरीगणिक बिट थोडा थोडा खाली दाबते. बहुतेकांत अर्ध्या इंचाचा सरळ दांड्याचा बिट स्क्रूने धरतात. वादळात चार-चार दिवस वीज जाते, तेव्हा असे यंत्र कारखान्याची इज्जत राखते.

शेवटी विक्रेत्या बंधूंना विनंती. खांबापर्यंतचे अंतर, किमान वेग, टेपरचा नंबर, मोटर मूळची की बदललेली आणि मशीनचा ऐब, एवढ्या पाच गोष्टी बिलावर लिहून द्या. कारागिरांनीही त्याशिवाय बयाणा देऊ नये. नवा रंग एका पावसाळ्यात उडतो. ज्याने घरातले सोने गहाण टाकून मशीन नेले, त्याचे कर्ज मात्र पावसाने धुऊन जात नाही.