रसायनशास्त्राच्या दोन परीक्षा

बारावीच्या विज्ञान शाखेचा विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मंडळाची रसायनशास्त्राची परीक्षा देतो आणि मेच्या आरंभी वैद्यकीय प्रवेशासाठी त्याच विषयाची दुसरी परीक्षा देतो. धडे बव्हंशी तेच असतात. तरीही पहिलीत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी दुसरीत चाचपडतो आणि दुसरीत चमकलेल्याला पहिलीतील चार ओळींची कारणमीमांसा लिहिताना घाम फुटतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. पालक याचा दोष कधी विद्यालयाला देतात, कधी मुलाला. आमच्या मते दोन्ही परीक्षा निराळ्या गोष्टी मोजतात आणि प्रवेश मात्र एकीच्याच मापाने ठरतो, हे या दुखण्याचे मूळ आहे.

शेजारच्या महाराष्ट्रात मंडळाची परीक्षा ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिक अशी विभागलेली आहे. लेखीला तीन तास मिळतात. 'नीट'मध्ये, २०२५ साली पुन्हा लागू झालेल्या रचनेप्रमाणे, १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे असतात आणि त्यांतील ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. नाव 'नीट' असले तरी नीट विचार करावयाला प्रश्नामागे एक मिनिट!

एक जुनाच प्रश्न घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०⁻⁸ मोलर इतके विरळ द्रावण दिले, तर त्याचा पीएच किती? सूत्रात आकडे घालणारा विद्यार्थी ८ असे सांगतो, म्हणजे आम्लाला अल्कली ठरवून मोकळा होतो. पाण्याचे स्वतःचे आयनीभवन येथे हिशेबात घ्यावे लागते आणि उत्तर ६.९८ च्या आसपास येते. लेखी परीक्षेत ही मांडणी पायरीपायरीने करावी लागते आणि अर्धी जमली तरी अर्धे गुण मिळतात. प्रवेश परीक्षेत 'सहा आणि सातच्या दरम्यान' या पर्यायाचे वर्तुळ काळे केले की काम झाले. ते समजून केले की शिकवणीवर्गात पाठ केलेले आठवून केले, हे उत्तरपत्रिकेला कळत नाही. रुग्णाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात का राहतो, हे पुढे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मंडळाच्या परीक्षेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोकून आणि अवघड धडे पर्यायी प्रश्नांच्या आधारे टाळून तिच्यात चांगले गुण मिळविता येतात. प्रवेश परीक्षेत धडा टाळण्याची सोय नाही, हा तिचा खरा गुण होय. परंतु वजा गुणांची जी धास्ती दाखविली जाते, तीही गणिताने तपासून पाहावी. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली तरी सरासरीने प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतोच. एक पर्याय चुकीचा आहे एवढे कळले, की तो लाभ दोन तृतीयांश गुणावर जातो.

सर्वांत मोठी हानी प्रयोगशाळेची झाली आहे. प्रवेशासाठी खुल्या वर्गातील उमेदवाराला बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ५० टक्के गुण पुरेसे ठरतात. गुणवत्ता यादीत त्यांना स्थान नाही. मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडीत रंग पालटण्याची वाट कोण पाहणार? २०२४ पासून 'नीट'च्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचे स्वतंत्र प्रकरण आहे. अर्थात तेही वर्तुळे काळी करूनच तपासले जाते, म्हणजे पोहण्याची परीक्षा काठावर बसून!

बारावीचे गुण थेट मिळवावेत, ही सूचना सोपी वाटते. अभियांत्रिकीच्या 'जेईई मेन'मध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के भार होता. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याची कसरत करावी लागली आणि २०१७ पासून तो भार काढून टाकण्यात आला. २०२४ च्या 'नीट' गोंधळानंतर केंद्राने नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीने ही परीक्षा टप्प्याटप्प्याने घेण्याची शक्यता मांडली आहे. आम्हांस तो मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. त्या वर्षी २३ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले होते. इतक्यांच्या लेखी उत्तरपत्रिका तपासणे अशक्यच. पण पहिल्या चाळणीतून दोन-अडीच लाख निवडून त्यांची लहानशी लेखी परीक्षा घेता येईल.

तोपर्यंत राज्य सरकारला दिल्लीकडे न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. उच्च माध्यमिक विद्यालयांत रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके वेळापत्रकाप्रमाणे होतात की केवळ जर्नलांवर सह्या होतात, हे शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा तरी आगाऊ न कळविता जाऊन पाहावे.